शेवटचं कडवं कापू नका

हा अंक जुळवताना आम्ही एक उद्योग केला. भेटेल त्याला एकच विचारलं : सध्या काय ऐकतोस? कविता मागितली की आमची पोरं आठ-आठ दिवस तोंड दाखवत नाहीत. या प्रश्नाला मात्र जो तो खिशात हात घालून मोबाईल काढायला लागला.

वरळीच्या चाळीतला कॉलेजातला दोस्त म्हणाला, केन्ड्रिक लमार. रॅपरला पुलित्झर मिळालं ते पहिल्यांदा यालाच, २०१८ साली. चेंबूरची मैत्रीण चेन्नईच्या पोरांचं 'द कास्टलेस कलेक्टिव्ह' ऐकते. पा. रंजितच्या पुढाकारानं २०१७ साली जमलेली ही पोरं. 'जात नसलेले' हे नाव त्यांनी पंडित अयोती दासांकडून घेतलं. मैत्रिणीला तमिळचा गंध नाही, पण परई वाजली की हलगी आठवते म्हणाली. एकीनं कडूबाई खरातांची एकतारी ऐकवली. एकानं पंजाबच्या गिन्नी माहीचं नाव घेतलं, जी आपली जात मान खाली घालून नाही तर छाती काढून गाते. गोदीतले आमचे म्हातारे मुकादम प्रल्हाद शिंद्यांच्या पुढं सरकायला तयार नाहीत. म्हणाले, बाकीचे सगळे पोरसवदा.

यादी बघून बरं वाटलं. मग एक जण राहिला होता तो भेटला. ऐरोलीला कंपनीत आहे, गळ्यात पट्टा, इस्त्रीचा शर्ट. विचारलं तर म्हणाला, काही नाही रे, असंच, इंग्लिश वगैरे. टपरीवर चहा घेताना त्याच्या इअरफोनची वायर निसटली आणि मोबाईल मोठ्यानं बोलायला लागला. भीमगीत. आम्ही हसणार, तेवढ्यात त्याचा चेहरा दिसला. आमच्याकडं बघून हसण्याआधी त्यानं चारी बाजूंना बघून घेतलं होतं. टपरीवर कोण कोण आहे ते.

मग आम्हीपण हसलो नाही. कारण २०१५ चा मे महिना आमच्या ध्यानात आहे. शिर्डीत एका दलित पोराचा मोबाईल वाजला. रिंगटोन बाबासाहेबांच्या गाण्याची. तेवढ्यावरून त्याला धरला, मारला, जिवानिशी संपवला. लग्नाला गेलेलं शिकतं पोरगं. त्यानं भाषण केलं नव्हतं, मोर्चा काढला नव्हता. त्याचा फक्त फोन वाजला होता.

म्हणून सांगतो, 'सध्या काय ऐकतोस' हा प्रश्न त्यांच्यासाठी आवडीनिवडीचा असेल. त्यांच्या पोरानं गाणं लावलं की त्याची आवड कळते. आपण गाणं लावलं की आपली जात कळते. म्हणून आपल्यातला एक उघड्यावर लावतो आणि एक कानात बुचं घालून ऐकतो. त्या ऐरोलीवाल्या मित्राला आम्ही भित्रा म्हणणार नाही. भाड्याची खोली, नोकरी, पगार, सगळं त्या एका वायरीला टांगलेलं आहे हे आम्हाला ठाऊक आहे. लाज त्याला नाही, लाज त्या टपरीला वाटली पाहिजे.

पण या उद्योगात दुसरी एक गोष्ट ध्यानात आली, आणि तिचा दोष मात्र आम्हाला दुसऱ्या कुणावर ढकलता येत नाही.

सगळ्यांनी गाणाऱ्याचं नाव सांगितलं. गाणं लिहिलं कुणी, ते एकालाही सांगता आलं नाही.

परवा रात्रपाळीला हॅच उघडायची वाट बघत बसलो होतो. शेजारच्या गड्यानं इअरफोनचा एक बोंडूक माझ्या कानात घातला. वामनदादांचं गाणं. तीस सेकंदांचा तुकडा, खाली कुणीतरी ढोल घुसडलेला. तुकडा संपला की परत पहिल्यापासून सुरू. गडी मान हलवत होता. मी विचारलं, कुणाचं आहे माहीत आहे का? म्हणाला, मोबाईलवरचं आहे. च्यायला, मोबाईलवरचं! शंभरदा ऐकलं असेल त्यानं. पण नाव त्याच्या कानापर्यंत गेलंच नव्हतं, कारण नाव असतं शेवटच्या कडव्यात आणि तुकडा तिथपर्यंत पोचतच नाही.

हे शेवटचं कडवं म्हणजे काय चीज आहे ते समजून घ्या. चोखोबानं अभंगाच्या शेवटी आपलं नाव घातलं. सोयराबाईनं तर चोख्याची महारी म्हणून जातीसकट घातलं. मंगळवेढ्याला वेठबिगारीत गावकूस बांधताना भिंत कोसळून चोखोबा मेला, १३३८ साली. हाडं ढिगाऱ्यात गेली, नाव अभंगात राहिलं. जलशेवाल्यांनी, शाहिरांनी, कव्वालीच्या सामन्यातल्या कवींनी हीच रीत चालवली. नाममुद्रा म्हणतात तिला. पंडित लोक तिला परंपरा म्हणून मोकळे होतात. आम्हाला त्यात आपल्या माणसांची हुशारी दिसते. ज्याचं पुस्तक कुणी छापणार नाही, ज्याचं नाव शाळेच्या फळ्यावर कुणी लिहिणार नाही, त्यानं आपली सही गाण्याच्या आतच ठेवली. गाणं म्हणायचं तर माझं नाव तुझ्या तोंडून गेलंच पाहिजे. कागद जळला तरी चालेल. ना वकील, ना स्टॅम्पपेपर.

वामनदादा कर्डक हे याचं सगळ्यात मोठं उदाहरण. १९२२ साली सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीत जन्म. पोटासाठी मुंबईत आले, मोलमजुरी केली. अक्षरओळख झाली ती मोठेपणी. १९४३ साली पहिलं गाणं रचलं, तेही एका हिंदी सिनेमाच्या गाण्यावरचं विडंबन. चाल सिनेमाची, शब्द आपले. पुढं हजारो गाणी केली, खेडोपाडी पायी हिंडून गायली. जिथं वर्तमानपत्र जात नव्हतं तिथं बाबासाहेब काय म्हणाले ते वामनदादांच्या गाण्यातून गेलं. २००४ च्या मे महिन्यात वामनदादा गेले आणि पुढच्याच महिन्यात प्रल्हाद शिंदे गेले. शिंद्यांचा गळा निदान कॅसेटनं घराघरात नेला. विठोबाच्या देवळात वाजतो, जयंतीलाही वाजतो. वामनदादांच्या नावाला कॅसेटचा असा आधार नव्हता. त्यांना शेवटचं कडवं होतं. तेच आपण कापतो आहोत.

आता दुसऱ्या मुलखात काय झालं बघा. आपली पँथर १९७२ साली उभी राहिली. पुढच्याच वर्षी ऑगस्टमध्ये न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स वस्तीत कूल हर्क नावाच्या जमैकन पोरानं बहिणीच्या पार्टीत दोन रेकॉर्डप्लेअर जोडून गाण्यातला नुसता तालाचा भाग फिरवला. तिथून हिप-हॉप धरतात. त्या काळ्या पोरांनीही पहिलं काम काय केलं? माईक हातात आला की स्वतःचं नाव ओरडायचं. आपल्या शाहिरांची ओळखपाळख नसताना त्यांनी तीच युक्ती काढली, कारण दुखणं तेच होतं.

आणि ज्याला नाव ओरडता आलं नाही त्याचं काय झालं? १९६९ साली 'द विन्स्टन्स' या बँडनं 'आमेन, ब्रदर' नावाची एक रेकॉर्ड केली. तिच्यात ग्रेगरी कोलमन या काळ्या ढोलकऱ्याचा सहा-सात सेकंदांचा एकट्याचा तुकडा आहे. तो तुकडा कापून जगभर हजारो गाण्यांत वापरला गेला. लोकांनी त्याच्यावर बंगले बांधले. कोलमनला त्याचा पैसा मिळाला नाही. २००६ साली तो बेघर, कफल्लक होऊन मेला. तुमच्या-माझ्या मोबाईलमध्येही तो कुठंतरी वाजत असेल. ढोलाला शेवटचं कडवं नसतं.

फार लांब जायला नको. २०२१ च्या मार्चमध्ये 'एन्जॉय एन्जामी' आलं. कास्टलेस कलेक्टिव्हमधल्या अरिवूनं ते लिहिलं आणि धीबरोबर गायलं. आजीच्या तोंडचं, चहाच्या मळ्यात राबलेल्या भूमिहीनांचं दुःख त्यात आहे. कोटींनी ऐकलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये रोलिंग स्टोनच्या भारतीय आवृत्तीच्या मुखपृष्ठावर धी आली, शान व्हिन्सेंट द पॉल आला. या दोघांच्या गाण्यांत शब्द घालणारा अरिवू आला नाही. रंजितनं जाहीर बोंब मारली, लोक बोलले, तेव्हा मागाहून त्याचं मुखपृष्ठ इंटरनेटवर काढलं. बोंब मारली म्हणून काढलं, हे ध्यानात ठेवा.

हे झालं त्यांचं. आता आपली कॉलर धरू.

जयंतीच्या बॅनरवर नेत्याचा फोटो खाटेएवढा, त्याच्या भाच्याचा उशीएवढा, गायकाचा पासपोर्ट साईज. कवीचा फोटो तर सोडाच, नावसुद्धा नाही. डीजेवाल्याला हजारो रुपये मोजतो, ज्याच्या शब्दांवर आपण नाचतो त्याच्या म्हातारीला औषधाला पैसे आहेत का हे विचारत नाही. ब्राह्मणी व्यवस्थेनं आपली नावं पुसली म्हणून आपण गळा काढतो. बरोबर काढतो. मग तीस सेकंदांच्या तुकड्यात आपणच नाव पुसतो ते कुणाच्या हुकुमानं?

आणि बायांचं तर विचारूच नका. जात्यावर बसून बाबासाहेबांच्या ओव्या रचणाऱ्या आपल्या आया-आज्या. जात्यावरच्या ओव्या लाखावर गोळा केल्या त्या हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी, गावोगाव फिरून, आणि ओवी कुणी गायली, कुठल्या गावात गायली, तेही टिपून ठेवलं. परक्या मुलखातला एक माणूस आणि पुण्याची एक बाई आमच्या आजीचं नाव वहीत लिहितात, आणि आम्हाला आमच्याच आजीच्या दोन ओव्या पाठ नाहीत. याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा.

कुणी म्हणेल, एवढं कशाला ताणता, गाणं म्हणजे करमणूक. तर मग ११ जुलै १९९७ आठवा. घाटकोपरच्या रमाबाई नगरात पुतळ्याच्या विटंबनेवर लोक चिडून रस्त्यावर आले, पोलिसांनी गोळ्या घातल्या, दहा माणसं पडली. चार दिवसांनी शाहीर विलास घोगरेनं मुलुंडच्या झोपडीत गळफास घेतला. कपाळाला निळा फडका बांधून. त्याला ते बघवलं नाही, सोसवलं नाही. आमच्यातली पुष्कळ पोरं तेव्हा जन्मलीही नव्हती. त्याचा आवाज आज आपल्याला ऐकता येतो, कारण आनंद पटवर्धनांनी तो आधीच फिल्मवर नावासकट घेऊन ठेवला होता. जे नावासकट ठेवलं तेच राहिलं.

तेव्हा दोस्तांनो, या अंकापासून एक पान कायमचं ठेवलं आहे. नाव तेच, 'सध्या काय ऐकतोस'. केन्ड्रिक ऐका, मार्ली ऐका, आमची ना नाही. जगातला दबलेला माणूस कुठल्याही भाषेत ओरडला तरी तो आपला. पण लिहून पाठवताना गाणाऱ्याच्या जोडीला लिहिणाऱ्याचं नाव पाठवा. ढोलकी, बेंजो, हलगी कुणी वाजवली तेही पाठवा. नाव सापडत नसेल तर पूर्ण गाणं शोधा, शेवटपर्यंत ऐका. तरी नाही सापडलं तर वस्तीतल्या म्हाताऱ्यांच्या पायाशी जाऊन बसा. त्यांनी रात्र-रात्र जागून सामने ऐकलेत, त्यांना ठाऊक असतं. घरी आई पोळ्या लाटताना काय गुणगुणते ते विचारा आणि खाली तिचं पूर्ण नाव लिहा. अमक्याची बायको, तमक्याची आई असं नको.

तुकडा पुढं पाठवायचाच असेल तर शेवटच्या कडव्याचा पाठवा.

आणि ऐरोलीच्या मित्रा, तू हा अंक वाचशीलच. तुझ्या ऑफिसात तू कुठलं गाणं लावावंस हे सांगणारे आम्ही कोण? ती किंमत तुला मोजायची आहे. पण रविवारी वस्तीत ये. वायर काढून, मोठ्यानं, शेवटपर्यंत एकत्र ऐकू. चार कान असले की भीती निम्मी होते आणि चाळीस असले की टपरीवाला आवाज कमी कर म्हणत नाही.

जय भीम.

— संपादक