शिट्टी पाण्यासाठीही वाजवा

मे महिन्यात मुंबई-कोकणातल्या मैदानांवर मुलांचे फुटबॉल सामने सर्रास भर दुपारी लावले जातात. पारा 34 वरच आहे म्हणून आयोजक निर्धास्त. पण दमट हवेत घाम लवकर सुकत नाही, अंग थंड होत नाही. 2014 च्या विश्वचषकात नेदरलँड्स-मेक्सिको सामना पंचांनी पाण्यासाठी थांबवला होता, आणि ते तर कसलेले खेळाडू. आपली मुले बाहेर बसवतील या भीतीने तहान लागली तरी बोलत नाहीत. दर पंधरा-वीस मिनिटांनी पाण्याची सुट्टी स्पर्धेच्या नियमातच हवी. (चषकांची यादी मात्र महिनाभर आधी तयार असते!) मूल अडखळू लागले, असंबद्ध बोलू लागले तर लगेच सावलीत न्या, अंगावर पाणी ओता, 108 ला फोन करा. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी घालू नका.