बोल्टनचा फुटका कालवा

दोस्तांनो, कालवा म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? धरणातून निघालेलं पाणी, दोन्ही बाजूंना ऊस, आणि पाटाच्या पाळीवरून होणारी भांडणं. बरोबर ना? पण आज आपण ज्या कालव्याची गोष्ट बघणार आहोत, त्याच्या पाण्यावर शेतं पिकवायची नव्हती. तो होता पाण्याचा रस्ता. त्यावरून होड्या चालायच्या आणि होड्यांत असायचा कोळसा.

इंग्लंडच्या वायव्य भागात मँचेस्टर हे मोठं शहर आहे. त्याला अगदी खेटून सॅलफर्ड, आणि उत्तरेला बोल्टन आणि बरी ही गावं. सूतगिरण्या, कापड धुऊन पांढरं करणारे कारखाने आणि दगडी कोळशाच्या खाणी यांनी हा मुलूख भरलेला होता. रस्ते मात्र चिखलाचे. गाडीला जुंपलेला घोडा टन-दीड टन माल ओढताना मेटाकुटीला यायचा. तोच घोडा काठाने चालत, दोराने होडी ओढत वीस-पंचवीस टन सहज न्यायचा! म्हणून १७९१ साली पार्लमेंटने कायदा करून या तीन गावांना जोडणाऱ्या कालव्याला परवानगी दिली. लांबी सुमारे १५ मैल, म्हणजे २४ किलोमीटर. आकार इंग्रजी वाय अक्षरासारखा: सॅलफर्डहून एक फाटा वर यायचा आणि नॉब एंड नावाच्या जागी त्याचे दोन व्हायचे, एक बोल्टनकडे आणि एक बरीकडे.

आता अडचण अशी, की बोल्टन आणि बरी उंचावर आणि सॅलफर्ड खाली. पाणी तर चढ चढत नाही. मग होडी वर कशी न्यायची? त्यासाठी जलपाश असतात. पनामा कालव्याच्या धड्यात तुम्ही हा शब्द वाचला असेल. दोन्ही बाजूंना दरवाजे असलेला एक अरुंद हौद. होडी आत घ्यायची, मागचं दार लावायचं आणि वरच्या बाजूचं पाणी हळूहळू आत सोडायचं. पाणी चढलं की होडीही चढते. मग पुढचं दार उघडायचं. असे १७ जलपाश या कालव्यावर होते आणि सगळे मिळून होडीला १८७ फूट वर चढवायचे. त्यांतले सहा तर एकट्या नॉब एंडला! तीन-तीनचे दोन जिने. एका हौदाचं वरचं दार म्हणजेच पुढच्या हौदाचं खालचं दार. एवढ्याशा जागेत ६४ फुटांची चढण, म्हणजे सहा मजली इमारत समजा.

कालव्यावर माणसांची ने-आण करणाऱ्या होड्याही होत्या. पण सहा जलपाश पार करायला वेळ फार लागे, आणि दर वेळी वरचं भरपूर पाणी खाली जाई. त्यामुळे नॉब एंडला उतारूंना सरळ खाली उतरवत. ते जिन्याच्या कडेने चालत जायचे आणि दुसऱ्या टोकाला उभ्या असलेल्या होडीत बसायचे. पावसात भिजू नये म्हणून त्या वाटेवर छप्परसुद्धा होतं. (मँचेस्टरकडचा पाऊस प्रसिद्ध आहे. छप्पर घालणाऱ्याला मी पैकीच्या पैकी गुण देईन.)

जलपाशांच्या रुंदीचीही एक गंमत आहे. आधी ठरलं होतं सात फुटी अरुंद होड्यांसाठी बांधायचं. पण लीड्सहून लिव्हरपूलला जाणारा एक मोठा कालवा तेव्हा होत होता. तो आपल्याला येऊन मिळेल या आशेने १७९४ मध्ये बेत बदलला आणि जलपाश चौदा फुटी होड्यांच्या मापाचे करायचं ठरलं. मोठा कालवा भलत्याच वाटेने गेला! पाहुण्यांसाठी मोठं दार केलं, पाहुणे शेजाऱ्याकडे जेवले. अखेर १८०८ मध्ये आपला कालवा खाली सॅलफर्डला अर्वेल नदीला जोडला गेला, तेवढाच बाहेरच्या जगाशी संबंध.

पुढे आगगाड्यांचे दिवस आले. १८३१ मध्ये कालव्याच्या कंपनीने स्वतःच ठरवलं की कालवा बुजवायचा आणि त्याच जागेवर रूळ टाकायचे. खाणवाले खवळले. त्यांच्या खाणी कालव्याच्या काठी होत्या आणि तिथूनच कोळसा थेट होडीत पडायचा. कालवा बुजला तर त्यांनी जायचं कुठं? शेवटी कंपनीला नमतं घ्यावं लागलं. कालवा राहिला आणि १८३८ मध्ये सॅलफर्ड ते बोल्टन रेल्वे शेजारून धावू लागली. म्हणजे बघा, एकाच मालकाची दोन लेकरं, एक धाकटं धावणारं आणि एक थोरलं रांगणारं. मालकाचा जीव कुणावर असणार? उतारू लवकरच गाडीत जाऊन बसले. कोळसा मात्र होडीतच राहिला. तो पेट्यांमध्ये भरत आणि पेट्याच क्रेनने उचलून बाहेर काढत. आज बंदरात दिसणाऱ्या कंटेनरचीच ही कल्पना, पण कितीतरी आधीची!

आता त्या दिवसाकडे येऊ. नॉब एंडच्या थोडं पुढे, बरीच्या वाटेवर, कालवा टेकडीच्या कुशीतून जातो. एका बाजूला चढ आणि दुसऱ्या बाजूला सरळ खाली अर्वेल नदी. मधे पाणी धरून ठेवणारा फक्त एक बांध. ६ जुलै १९३६ रोजी तो बांध ढासळला. लाखो गॅलन पाणी, माती आणि दगड घेऊन धडाधडा खाली नदीत कोसळलं.

बऱ्याच ठिकाणी वाचायला मिळतं की या फुटीने कालवा मेला. मला ते पटत नाही. बांध पुन्हा बांधता आला असता. पण तोवर कालवा एका बड्या रेल्वे कंपनीच्या ताब्यात होता, आणि होड्यांचं भाडं इतकं घटलं होतं की दुरुस्तीचा खर्च निघेना. जिथे गरज होती तिथे काय झालं बघा. फुटीच्या पलीकडे लेडीशोर नावाची खाण होती. तिचा कोळसा बरीला हवा होता. मग तेवढा तुकडा चालू राहिला, चांगली दहा-बारा वर्षं! कोळसा थांबला तेव्हाच तो खऱ्या अर्थाने थांबला. १९६१ मध्ये सरकारदरबारी उरलासुरला कालवाही बंद म्हणून जाहीर झाला. बोल्टनमध्ये त्याच्या जागेवरून आता मोठा हमरस्ता जातो.

नॉब एंडला अजून एक नवल आहे. तिथे पूर्वी धुण्याचा सोडा बनवायचा कारखाना होता. मीठ, गंधकाचं तेजाब, चुनखडी आणि कोळसा वापरून सोडा काढायचा आणि उरलेला गाळ बाहेर ओतायचा. हा गाळ इतका वाईट, की त्याला सडक्या अंड्यांचा वास यायचा आणि त्यावर गवताची काडी उगवायची नाही. वर्षानुवर्षं पावसाने त्यातलं विष धुऊन गेलं आणि मागे राहिली चुन्याची जमीन. आजूबाजूची माती आंबट, आणि मधे हा चुन्याचा ठिपका. चुनखडीवरच वाढणाऱ्या ऑर्किडचं धुळीसारखं बारीक बी वाऱ्याबरोबर आलं आणि रुजलं! आता तिथे उन्हाळ्यात ऑर्किड फुलतात आणि ती जागा कायद्याने राखून ठेवली आहे. कचरा टाकणाऱ्यांनी मात्र यावर खूश होऊ नये. त्यांनी फुलं लावली नव्हती.

हा कालवा पुन्हा जिवंत करायचा, असा ध्यास घेतलेली एक संस्था १९८७ पासून काम करते आहे. सॅलफर्डमधला एक छोटा तुकडा २००८ मध्ये पुन्हा पाण्याने भरला. बरीजवळचं एल्टन तलावाचं पाणी अजूनही कालव्याच्या कामी येतं, आणि माउंट सायन इथली कोळशाच्या पेट्या उचलणारी वाफेची क्रेन काठावर उभी आहे. नॉब एंडच्या जिन्यावरून पलीकडे जायला आता एक पूल आहे, आणि तो हुबेहूब मेकॅनोच्या तुकड्यांसारखा आहे! भोकांच्या पट्ट्या, नट-बोल्ट, सगळं तसंच, फक्त कितीतरी पटींनी मोठं. मेकॅनो हा खेळ निघाला होता शेजारच्याच लिव्हरपूल शहरात. पुलाखालचे सहाही हौद मात्र अजून कोरडे आहेत. तिथून बरीकडे निघालं की काठाकाठाने चालत फुटलेल्या बांधापर्यंत जाता येतं आणि खाली अर्वेल वाहताना दिसते.