‘उदास’ हा शब्द वस्तीत बोलतं कोण?

आशाताई घरी फॉर्म घेऊन येतात, तिशीच्या पुढच्या प्रत्येकाचा भरतात. त्यात मनाविषयी दोन प्रश्न असतात. गेल्या दोन आठवड्यांत कामात रस, आनंद वाटला नाही असं किती दिवस झालं? आणि उदास, निराश किती दिवस वाटलं? एकेका उत्तराला ० ते ३ गुण. बेरीज ३ च्या वर गेली की पुढे तपासणीला पाठवायचं. अमेरिकेत तयार झालेल्या नऊ प्रश्नांच्या यादीतले हे पहिले दोन.

कळंबकडच्या एका वस्तीत आम्ही आशाताईंसोबत बसलो होतो. समोर ऊसतोडीहून परतलेली बाई. ‘उदास वाटतं का?’ ‘न्हाई.’ शून्य. ‘कामात आनंद वाटतो का?’ ती हसली. ‘कोयत्याच्या कामात कसला आनंद, ताई?’ त्याला किती गुण द्यायचे, आशाताईंना कळेना. तिथंही शून्यच पडलं. फॉर्म मिटल्यावर आम्ही सहज विचारलं, ‘करमतं का गं?’ तिचे डोळे भरले. ‘करमंना. कशात जीव लागंना. दोन बाजार झाले, झोप न्हाई.’ दोन बाजार म्हणजे दोन आठवडेच की! कागदावर मात्र बाई ठणठणीत.

भाषांतर तपासायची एक रीत आहे. एकाने मराठी करायचं, मूळ न पाहिलेल्या दुसऱ्याने ते परत इंग्रजीत न्यायचं आणि दोन्ही ताडून बघायचं. ‘उदास’ या परीक्षेत बिनचूक पास होतो, कारण दोघेही शिकलेले. खरी परीक्षा त्यानंतरची : ज्यांना विचारायचं त्यांच्यात बसून ‘तुम्हाला काय समजलं?’ हे विचारणं.

स्वभाव मोजणाऱ्या प्रश्नावल्यांत तर आणखी घोळ. ‘लोक माझ्यामागे बोलतात असं वाटतं’ अशा धर्तीच्या वाक्याला, आडनाव सांगताच खोली नाकारली गेलेल्या आपल्या पोराने ‘हो’ लिहिलं, तर तो संशयी ठरतो. इथं शब्द बरोबर आहेत, पण त्याने भोगलेलं त्याच्या स्वभावात मोजलं गेलं.

प्रत्येक आशाताईंनी आपल्या मनाने शब्द बदलावेत, असं आम्ही म्हणत नाही. मग कळंबचे ३ आणि परंड्याचे ३ एक राहणार नाहीत. शेतकरी आत्महत्यांमुळे २०१५ पासून प्रेरणा प्रकल्प चाललेला हा जिल्हा. इथल्या आरोग्य खात्याने फॉर्म छापण्याआधी वस्तीतल्या बायांत बसून शब्द ठरवावेत, सगळीकडे तेच वापरावेत.

तोवर प्रश्न कळला नाही तर ‘न्हाई’ म्हणून मोकळ्या होऊ नका. करमत नसेल तर तेच सांगा, लिहून घ्या म्हणा. घरात बोलता येत नसेल तर टेली-मानसचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, रात्रीही लागतो, मराठीत बोलता येतं.