पदार्थविज्ञान कोणाच्या घरचें?

शेतकरी व कारागीर बंधुभगिनींनो, दहावीचा निकाल लागला कीं पालक आमच्याकडे येतात व म्हणतात, "मास्तर, पोराला सायन्स झेपायचें नाहीं. तें शहरांतल्या लोकांचें काम." अहो, ज्यांच्या हातांतून हें शास्त्र रोज घडतें त्यांच्याच पोरांस तें झेपत नाहीं, हें तुम्हांला कोणीं पढविलें? पूर्वीं विद्या संस्कृताच्या कुलपांत होती. आतां ती 'प्रसरणांक', 'संवेग' असल्या शब्दांच्या आणि क्लासच्या फीच्या कुलपांत आहे. पोर व्याख्या घोकतें, परीक्षेंत ओकतें आणि विसरतें.

गेल्या हिंवाळ्यांत उष्णतेचा धडा आला तेव्हां आम्हीं आधीं मोबाइलवर व्हिडिओ दाखविला. लोखंडी गोळा तापविला कीं कड्यांतून जात नाहीं, निवला कीं जातो. मुलांनीं माना डोलविल्या, बस्स. मग त्यांस लोहाराच्या भात्यापाशीं नेलें. लांकडी चाकाच्या गाड्या आतां थोड्याच उरल्या; पण त्या दिवशीं एका चाकाला धाव चढवावयाची होती. धाव मुद्दाम चाकाहून लहान केलेली. भोंवतीं गोवऱ्या रचून ती लाल केली, चिमट्यांनीं उचलून चाकावर बसविली, वर पाणी ओतलें. लांकूड करकरलें, सांधे आवळले. शाळेंत येऊन हिशेब मांडला: साडेचार मीटर घेराची लोखंडी धाव ५०० अंश सेल्सिअसनें तापली तर सुमारें २.७ सेंटिमीटर वाढते. लोहारदादा म्हणाले होते, "मी घेराला अंगठाभर कमी ठेवतों." पुस्तकाचा आणि अंगठ्याचा हिशेब जुळला!

तोच व्हिडिओ पुन्हां लावला तेव्हां एका मुलीनें तो मध्येंच थांबवून विचारलें, "कडें तापलें तर धातु आंतही फुगेल, मग भोंक लहान कां होत नाहीं?" घेर वाढतो म्हणून भोंकही वाढतें, हें धावेनें तिला दाखविलेंच होतें, फक्त शब्द द्यावयाचे राहिले होते. कॉलेजांत जाणारीं मुलेंही या प्रश्नाला अडखळतात.

व्हिडिओ वाईट नाहीं. पुण्याच्या आयुका संस्थेंतील मुलांच्या विज्ञान केंद्रांत अरविंद गुप्ता यांनीं टाकाऊ वस्तूंचीं खेळणीं करून त्यांचे जे व्हिडिओ केले, ते फुकट पाहावयास मिळतात व मराठींतही आहेत. परंतु एकामागून एक व्हिडिओ पाहत लोळणें म्हणजे जुनीच पोपटपंची, फक्त पोपट आतां मुका झाला.

१८८२ सालीं जोतीराव फुल्यांनीं हंटर कमिशनापुढें मागणी केली होती कीं, प्राथमिक शाळेचा शिक्षक शक्यतों शेतकरी वर्गांतला, वेळ पडली तर नांगर किंवा सुताराचा वाकस हातीं धरणारा असावा. आम्ही मास्तर लोक यांतलें काय धरतों? बहुधा खडू आणि रजिस्टर. दोष सगळा पालकांचा नाहीं, हें कबूल केलें पाहिजे.

आणि हें ज्ञान नसल्याचा दंड घरोघर भरला जातोच. रात्रीं वीज कमी दाबानें येते, पाण्याचा भार तोच राहतो, म्हणून मोटार जास्त प्रवाह ओढते. प्रवाह दीडपट झाला कीं तारांतली उष्णता दीडपट नव्हे, सव्वादोनपट होते. मग मोटार जळते, रिवाइंडिंगला पैसे जातात आणि पिकाची पाळी चुकते ती वेगळीच. व्होल्टमीटरचा कांटा खालीं दिसतांच मोटार बंद करावी, हें नववीचें पोर सांगूं शकेल. पण त्याला विहिरीवर कोणी विचारतो का?

त्याला निदान विहिरीवर नेतात तरी. मुलीचें काय? घरांतला फोन भावाच्या खिशांत. तिच्या हातीं येतो तो भांडीं घासून झाल्यावर, चार्जिंग संपतांना. भोंकाचा प्रश्न मुलीनेंच विचारला होता. तिला संध्याकाळीं अर्धा तास फोन द्या, आणि मोटार दुरुस्त करणारा येईल त्या दिवशीं तिलाही विहिरीवर घेऊन जा.