शेवटून पहिला संघ

गेल्या पावसाळ्यांत आंतरशालेय फुटबॉलच्या सामन्यांत आपल्या शाळेच्या धाकट्या मुलांचा संघ सहा गोलांनीं हरला. त्यानंतर दोन दिवसांनीं एक पालक मजकडे आले आणि म्हणाले, "सर, माझ्या मुलाचें नांव संघांतून काढून टाका. हरावयाचेंच असेल, तर तेवढ्या वेळांत तो चार गणितें तरी सोडवील." गृहस्थ सज्जन आहेत आणि मुलाच्या हिताचीच त्यांना काळजी आहे. त्या वेळीं मी त्यांस समाधानकारक उत्तर देऊं शकलों नाहीं. पुढें या प्रश्नाचा विचार करीत असतां मला एका दूरच्या बेटावरील फुटबॉल संघाचा इतिहास आठवला. द्यावयाचें राहिलेलें उत्तर त्या इतिहासांत सांपडेल असें वाटल्यावरून तो येथें सांगतों. विद्यार्थ्यांनीं तो वाचावा आणि पालकांनीं त्यावर विचार करावा, अशी विनंति आहे.

वेस्ट इंडीज हें नांव क्रिकेटमुळें आपल्याकडील लहान मुलांनाही ठाऊक असतें. परंतु वेस्ट इंडीज हा एक देश नव्हे; कॅरिबियन समुद्रांत विखुरलेल्या अनेक लहानमोठ्या बेटांचा तो समुदाय आहे. माँटसेराट हें त्यांपैकीं एक. त्याचें क्षेत्रफळ अवघें १०२ चौरस किलोमीटर. १४९३ सालीं कोलंबसानें स्पेनमधील एका डोंगरी मठाचें नांव त्याला दिलें, १६३२ सालापासून तेथें इंग्रजांची वसाहत झाली, आणि अद्यापही तें ब्रिटनच्याच अमलाखालीं आहे. तेथील बहुतेक रहिवासी मळ्यांवर राबविण्याकरितां आफ्रिकेंतून आणलेल्या गुलामांचे वंशज होत. १९९५ सालापूर्वीं त्या सबंध बेटाची लोकसंख्या अकरा हजारांच्या आसपास होती. म्हणजे आपल्याकडील एखाद्या मोठ्या खेड्याएवढी वस्ती, आणि तिनें राष्ट्राच्या नांवानें खेळावयाचें!

या लहानशा वस्तीवर जीं संकटें कोसळलीं तीं मात्र लहान नव्हतीं. १९८९ च्या सप्टेंबरांत ह्यूगो नांवाच्या चक्रीवादळानें बहुतेक घरांची नासधूस केली. लोकांनीं छपरें पुन्हां घातलीं, भिंती पुन्हां उभारल्या. तों सहाच वर्षांनीं, १९९५ च्या जुलै महिन्यांत, शतकानुशतकें शांत असलेला सूफ्रिएर हिल्स हा ज्वालामुखी जागृत झाला. राजधानी प्लिमथ त्याच्या पायथ्याशीं वसलेली होती. ती सोडून लोकांना उत्तरेकडे जावें लागलें. २५ जून १९९७ रोजीं तप्त वायु आणि राख यांचे लोट डोंगरावरून खालीं आले व त्यांत एकोणीस माणसें प्राणास मुकलीं. त्याच वर्षीं विमानतळ नाहींसा झाला आणि प्लिमथ शहर राखेखालीं गाडलें गेलें. बेटाच्या अर्ध्याहून अधिक भागांत जाण्यास मनाई करण्यांत आली. सुमारें दोन तृतीयांश लोक देश सोडून गेले. कोणी शेजारच्या अँटिग्वा बेटावर, तर कोणी थेट इंग्लंडला. कागदोपत्रीं प्लिमथ ही अजूनही राजधानी आहे, परंतु त्या राजधानींत आज एकही मनुष्य राहत नाहीं.

नेमक्या याच काळांत, १९९६ सालीं, माँटसेराटच्या फुटबॉल संघटनेला फिफा या जागतिक महामंडळाचें सभासदत्व मिळालें. डोक्यावर राख पडत असतां जगाच्या सामन्यांत उतरावयाचें, हा बेत व्यवहारी माणसाला वेडेपणाचा वाटेल, आणि आरंभींचे निकाल पाहतां त्याला दोषही देतां येणार नाहीं. २००० सालीं विश्वचषकाच्या पात्रताफेरींत डोमिनिकन प्रजासत्ताकानें त्यांना प्रथम ३–० असें आणि नंतर ३–१ असें हरविलें. यांतील दुसरा सामना नियमाप्रमाणें माँटसेराटनें आपल्या घरीं खेळावयाचा. पण तो खेळण्यासाठीं त्यांना त्रिनिदादला जावें लागलें. पाहुण्यांना बोलवावें, तर अंगण परक्याचें, अशी त्यांची अवस्था होती.

२००२ सालीं फिफाच्या क्रमवारींत २०३ संघ होते. त्यांत माँटसेराट २०३ वा, आणि त्याच्या वर २०२ वा आपला शेजारी भूतान. भूतानचीही स्थिति फारशी बरी नव्हती. दोनच वर्षांपूर्वीं कुवेतनें त्यांच्यावर वीस गोल केले होते. त्या वर्षीं हॉलंडचा संघ विश्वचषकासाठीं पात्र ठरला नव्हता. योहान क्रेमर नांवाच्या एका डच गृहस्थाच्या मनांत आलें कीं, जगांतील पहिल्या दोन संघांचा अंतिम सामना होतो, तसा शेवटच्या दोघांचाही कां होऊं नये? त्याप्रमाणें ३० जून २००२ रोजीं, जपानमधील योकोहामा येथें ब्राझील आणि जर्मनी यांचा अंतिम सामना व्हावयाचा होता त्याच दिवशीं, भूतानची राजधानी थिंफू येथें हा दुसरा सामना झाला. समुद्रकांठीं वाढलेले माँटसेराटचे खेळाडू अनेक विमानें बदलीत, पृथ्वीला जवळजवळ अर्धा वळसा घालून, साडेसात हजार फूट उंचीवरील त्या मैदानावर उतरले. भूताननें सामना ४–० असा जिंकला. त्यांतील तीन गोल कर्णधार वांगय दोर्जी यानें केले. क्रेमर यांनीं या सामन्यावर बोलपटही तयार केला.

वाचकहो, या सामन्याची बातमी ऐकून अनेकांना हंसूं आलें असेल. परंतु हंसण्यापूर्वीं एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. यादी म्हटली कीं तिला शेवट असावयाचाच. वर्गांत चाळीस मुलें असलीं, तर चाळिसावा क्रमांक कोणाला तरी मिळणारच. आणि तो मिळालेला मुलगा परीक्षेस बसला होता, हें त्या क्रमांकावरूनच सिद्ध होतें. जो परीक्षेच्या दिवशीं पोट दुखत असल्याचें सांगून घरीं राहिला, त्याला शेवटचा क्रमांकही नाहीं. माँटसेराटचें नांव त्या यादींत सर्वांच्या खालीं होतें खरें, पण तें यादींत होतें. ज्या बेटाची राजधानी नकाशावर नांवापुरती उरली, त्याला "आम्ही अजून आहोंत" असें जगाला सांगण्याचीं साधनें कितीशीं असणार? अकरा मुलांनीं एक रंगाचे सदरे घालून मैदानांत उभें राहणें, हें त्यांतील एक होतें.

यावर दोन आक्षेप घेतले जातात, आणि ते दोन्हीही विचारांत घेण्यासारखे आहेत.

पहिला आक्षेप असा कीं, अशा संघांनीं मोठ्या स्पर्धेंत येऊन काय साधतें? २००४ सालीं बर्म्युडानें माँटसेराटला १३–० असें हरविलें आणि नंतर त्यांच्या बेटावर येऊन ७–० असें हरविलें. २००८ सालीं सुरिनामनें सात गोल केले. असल्या सामन्यांत जिंकणाऱ्यास आनंद नाहीं व हरणाऱ्यास शिक्षण नाहीं. तेव्हां दुबळ्यांना बाहेर ठेवावें हें बरें, असें पुष्कळ जाणते लोक म्हणतात. या म्हणण्यांतील पहिला भाग मला मान्य आहे. तेरा गोल खाणें हें भूषण नव्हे, आणि पराभवाची पूजा करावी असें मी मुळींच म्हणत नाहीं. परंतु हरणाऱ्यास शिक्षण नाहीं, हें मात्र खोटें आहे, आणि याची साक्ष माँटसेराटचाच पुढील इतिहास देतो.

२०१२ सालीं त्यांनीं ब्रिटिश व्हर्जिन बेटांच्या संघाचा ७–० असा पराभव केला. फिफामध्यें आल्यानंतरचा तो त्यांचा पहिला विजय. त्यासाठीं सोळा वर्षें लागलीं. २०१५ सालीं विश्वचषकाच्या पात्रताफेरींत कुरासाओविरुद्ध ते पहिला सामना २–१ असा हरले आणि दुसरा, बेटाच्या उत्तर भागांतील आपल्या मैदानावर, २–२ असा बरोबरींत सोडविला. म्हणजे दोन सामन्यांत मिळून अंतर एका गोलाचें! हाच कुरासाओचा संघ पुढें २०२५ सालीं विश्वचषकासाठीं पात्र ठरला. इतक्या थोड्या वस्तीच्या देशानें तेथवर पोंचण्याचा तो पहिलाच प्रसंग होता. २०१८–१९ च्या प्रादेशिक स्पर्धेंत स्कॉटलंडचे जुने खेळाडू विली डोनाकी यांच्या शिकवणुकीखालीं माँटसेराटनें चारांपैकीं तीन सामने जिंकले, आणि तेथील मानाच्या गोल्ड कप स्पर्धेचा त्यांचा प्रवेश केवळ गोलांच्या फरकामुळें हुकला. २०२१ सालीं विश्वचषकाच्या पात्रताफेरींत त्यांचे चार सामने झाले. दोन जिंकले, दोन बरोबरींत सुटले, एकही हरला नाहीं. त्या बरोबरींतील एक सामना एल साल्वाडोरशीं होता, जो देश पूर्वीं दोनदां प्रत्यक्ष विश्वचषकांत खेळलेला आहे. तरीही गटांत दुसरा क्रमांक आल्यामुळें ते बाद झाले. आतां विचार करा. २००४ सालीं तेरा गोल खाल्ल्यावर कोणी या संघाला "घरीं जा, गणितें सोडवा" असें सांगितलें असतें आणि त्यानें तें ऐकलें असतें, तर २०२१ चा संघ कोठून आला असता? "अपयश ही यशाची पायरी" हें वचन निबंधांत लिहावयास सोपें आहे. या बेटाला त्या पायऱ्या एकेक करून चढाव्या लागल्या, आणि कित्येक पायऱ्या तर निसटूनही गेल्या.

दुसरा आक्षेप अधिक नाजूक आहे. अलीकडे या संघांतील बहुतेक खेळाडू इंग्लंडमध्यें जन्मलेले वा वाढलेले असतात. संघासाठीं सर्वांत अधिक गोल करणारा लाइल टेलर हा लंडनमधील ग्रिनिच येथें जन्मला आणि इंग्लंडमधील व्यावसायिक संघांतून खेळला. मग हा संघ बेटाचा कसा, असा प्रश्न लोक विचारतात. त्यावर माझा उलट प्रश्न असा कीं, या लोकांना बेटाबाहेर कोणी घालविलें? कांहींचे आजोबा पन्नास-साठ वर्षांपूर्वीं पोटासाठीं गेले, आणि कांहींचे आईबाप ज्वालामुखीमुळें गेले. घर राखेखालीं गेलें, म्हणून घराचें नांव लावण्याचा हक्क जात नाहीं. ज्यांचें गांव नाहींसें झालें, त्यांना एकत्र येण्यासाठीं चावडी उरत नाहीं, बाजार उरत नाहीं; अशांच्या नातवांना नव्वद मिनिटें तरी एका नांवाखालीं एकत्र आणणारें मैदान ही सामान्य वस्तु नव्हे. मात्र एक पथ्य त्यांनीं पाळावयास हवें. बेटावर आज जे सुमारें साडेचार हजार लोक राहतात, त्यांच्या मुलांना या संघांत जागा मिळत राहिली पाहिजे. नाहीं तर संघ जिंकेल, पण मैदानाच्या कडेला उभें राहून पाहणाऱ्या पोराला तो आपला वाटणार नाहीं.

आतां त्या सज्जन पालकांकडे वळतों. गणितें सोडविणें अवश्य आहे, यांत वाद नाहीं. तीं संध्याकाळच्या खेळानंतरही सोडवितां येतात. पण सहा गोल झाल्यावर, शेवटची दहा मिनिटें उरलीं असतां, मान खालीं न घालतां चेंडूमागें धांवणें, सामना संपल्यावर जिंकणाऱ्याचा हात हातांत घेणें, आणि दुसऱ्या दिवशीं पुन्हां सरावाला येणें, हें कोणत्याही पुस्तकांतून शिकवितां येत नाहीं. आयुष्यांत प्रत्येकाच्या वांट्याला केव्हां तरी सहा गोल येतातच. ते पहिल्यानें खेळाच्या मैदानावर यावे, हें मुलाचें भाग्यच समजावें. कारण तेथें त्याच्याबरोबर आणखी दहा जण असतात.

पुढील पावसाळ्यांत हे सामने पुन्हां होतील. आपला संघ जिंकेलच असें वचन मी देऊं शकत नाहीं. पालकांना एवढेंच सांगणें आहे कीं, संध्याकाळीं मुलाला घरीं निकाल विचारण्याऐवजीं एक दिवस स्वतः मैदानावर यावें आणि कडेला उभें राहून सामना शेवटपर्यंत पाहावा. त्यानंतरही ज्यांना मुलाचें नांव काढावयाचें असेल, त्यांचें म्हणणें मी निमूटपणें मान्य करीन.