कंसातलं नाव

2024 मध्ये शहर-जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं, तेव्हा इथल्याच एका संस्थेच्या सभासदांची माहिती दुरुस्त करायचं काम माझ्याकडे आलं. माहिती एक्सएमएलमध्ये. म्हणजे डब्यात डबा: सभासदाच्या डब्यात पत्ता, पत्त्यात शहर, शेजारी दाखल्यांचा आणखी एक डबा. दिसेल तिथे जुनं नाव काढून नवं घाल, असा एका ओळीचा हुकूम मी सोडला. शहरातल्या सावेडी भागाचे सगळे पत्ते झटक्यात सुधारले. त्याबरोबर कुणाचा 1987 चा शाळा सोडल्याचा दाखलाही अहिल्यानगरचा होऊन बसला. चूक सर्वस्वी माझी. बॅकअप होता म्हणून निभावलं.

एक्सएमएल 1998 सालचं. त्यात हवं ते शोधायची भाषा, एक्सक्वेरी, 2007 मध्ये प्रमाण ठरली आणि शोधलेलं बदलायची तिची पुरवणी 2011 मध्ये. शोधण्यापेक्षा बदलणं अवघड, हे या चार वर्षांतूनच कळतं. साध्या तक्त्यात ओळ आणि रकाना सांगितला की भागतं. इथे नवी नोंद कुठे घालायची हेही सांगावं लागतं: आत पहिली, आत शेवटची, अमकीच्या आधी की नंतर. वारसांची नावं लावताना क्रमावरून घरात काय होतं ते ज्यांनी पाहिलंय, त्यांना हे कीस काढणं वाटणार नाही. या भाषेत 'रिनेम' नावाचं क्रियापदही आहे. शहराचं नाव बदलायला मात्र ते कुचकामी, कारण ते डब्यावरची चिठ्ठी बदलतं, आतला जिन्नस नाही.

यातली मला सर्वांत आवडलेली गोष्ट तलाठी कार्यालयात गेलेल्या कुणालाही ओळखीची वाटेल. हुकूम दिल्याबरोबर काहीच बदलत नाही. सगळे बदल आधी एका प्रलंबित यादीत जातात आणि शेवटी एकदम लागू होतात. फेरफाराचंही तसंच: नोंद धरली जाते, नोटिसा निघतात, हरकतींसाठी 15 दिवस जातात, मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात आणि मगच सातबाऱ्यावर अंमल होतो.

दोन भावांनी आपापल्या गटांची अदलाबदल केली असं समजा. थोरल्याच्या गटावर धाकट्याचं नाव चढवलं. आता धाकट्याच्या गटावर थोरल्याचं चढवायला गेलो, तर ते वाचायचं कुठून? पहिल्या गटावर तर धाकटाच बसलाय. दोन्ही गट धाकट्याचे! प्रलंबित यादीत हा घोळ होत नाही, कारण दोन्ही नावं बदलाच्या आधीच्या कागदावरून वाचली जातात. एकाच जागी दोन वेगवेगळी नावं घालायचे हुकूम आले, तर यंत्र कुणाचीच बाजू न घेता सगळी यादी फेटाळतं. हे ज्यांनी ठरवलं त्यांना माझा नमस्कार.

तक्रार 'डिलीट'बद्दल आहे. यादीत त्याची पाळी बाकी बदलांनंतर लावण्याइतकी काळजी घेतलीय, पण ती पाळी आली की नोंद गेली ती गेली. आमच्या ट्रंकेत हाती लिहिलेला एक सातबारा आहे. पणजोबांचं नाव, त्याच्या दोन्ही बाजूंना शाईचा जाड कंस, शेजारी वर्तुळात फेरफाराचा नंबर, खाली आजोबांचं नाव. पणजोबा खोडलेले नाहीत, खरवडलेले नाहीत. चष्मा लावला की अजून वाचता येतात. आता ते कब्जेदार नाहीत, आणि का नाहीत ते त्या नंबरच्या फेरफारात बघावं, एवढं सगळं दोन वाकड्या रेघा सांगतात. ट्रंक उघडायला माझा दाखल्यांचा घोळ व्हावा लागला, हे वेगळं.

जुनं जपायचं काम डेटाबेसनं करावं, भाषेनं कशाला, असं आमच्या धंद्यात म्हणतात. मला ते पटत नाही. भाषेत कंसाचं क्रियापद नसलं की घाईतला माणूस असलेलंच वापरतो, मी वापरलंच. महसूल खात्यानं तर साध्या लेखनदोषाची वाटही वेगळी ठेवलीय: नोंदीसाठी जमीन महसूल संहितेचं कलम 150, लेखनचुकीसाठी 155. कब्जेदाराचं नाव बदलणं आणि नाव चुकीचं पडणं या दोन गोष्टी आहेत, हे 1966 च्या कायद्याला कळतं. 2011 च्या भाषेत दोन्हींना 'रिप्लेस'च.

शेवटी ते काम मी असं निस्तरलं: दाखल्यांच्या डब्याला हात लावायचा नाही, आणि प्रत्येक पत्त्यात शहर दोनदा ठेवायचं. चालू नाव एक, आधीचं एक, त्याला 'कुठवर' अशी तारखेची चिठ्ठी. संस्थेच्या कारकुनानं छापील प्रत पाहिली आणि विचारलं, "हे दुसरं कंसात टाकलं तर चालेल का?"

— सावेडीकर