डॉक्टरांच्या घराला छत्र कोणाचे?

मार्च २०२० च्या अखेरीस नवी मुंबई महापालिकेने एका आयुर्वेद डॉक्टरांना नोटीस दिली. दवाखाना सुरू ठेवा, अन्यथा गुन्हा दाखल होईल, असा तिचा आशय होता. त्याच वर्षी जूनमध्ये कोविडने त्या डॉक्टरांचे निधन झाले. आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी केंद्र सरकारने जाहीर केलेल्या ५० लाख रुपयांच्या विम्यासाठी त्यांच्या पत्नीने अर्ज केला. तो नाकारला गेला. डॉक्टर खासगी होते आणि त्यांची सेवा सरकारने रीतसर मागवून घेतलेली नव्हती, असे कारण देण्यात आले. मार्च २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानेही ते मान्य केले. अखेर डिसेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्वाळा दिला, की त्या काळातले कायदे आणि आदेश पाहता डॉक्टरांची सेवा मागवली गेलीच होती. मात्र आपला माणूस कोविडचे काम करतानाच गेला, हे प्रत्येक कुटुंबाने पुराव्यानिशी दाखवायचे आहे. म्हणजे साडेपाच वर्षांनी हाती आला तो निकाल. रक्कम त्यानंतरची गोष्ट.

उल्हासनगरच्या पाचही कॅम्पांत, अंबरनाथच्या एमआयडीसीलगतच्या वस्त्यांत आणि बदलापूरच्या नव्या इमारतींखाली असे एका डॉक्टरवर चालणारे शेकडो दवाखाने आहेत. त्यांच्या घरांसाठी या निकालातला धडा साधा आहे. सरकारी घोषणा म्हणजे आपला विमा नव्हे. आणीबाणीत जाहीर होणारी मदत मिळाली तर आधार. घर तिच्या भरवशावर उभे राहू शकत नाही.

डॉक्टरांकडे पॉलिसी नसतात असे नाही. उलट पुष्कळ असतात. मार्च महिन्यात कर वाचवायला घेतलेल्या, ओळखीच्या एजंटाला नाही म्हणता न आल्यामुळे घेतलेल्या. हप्ता मोठा, संरक्षण तुटपुंजे. बचत आणि विमा एकत्र बांधले की दोन्ही अर्धवट राहतात. घरातल्या कमावत्या माणसासाठी पहिली गरज असते ती निव्वळ मुदतीच्या विम्याची, म्हणजे टर्म इन्शुरन्सची. रक्कम किती, याचा हिशेब घरीच मांडता येतो. समजा, घरखर्च महिना ८० हजार, धाकटे मूल कमावते व्हायला १५ वर्षे आणि गाळ्याचे व यंत्रांचे कर्ज ४० लाख. खर्चाचे १ कोटी ४४ लाख आणि कर्ज मिळून १ कोटी ८४ लाख झाले. महागाई आणि मुलांचे शिक्षण त्यात अजून धरलेले नाही. सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटीही उठला आहे. कर्जे असलेल्या विवाहित डॉक्टरने ही पॉलिसी १८७४ च्या विवाहित महिला मालमत्ता कायद्याखाली घेतली, तर ती रक्कम पत्नी आणि मुलांचीच राहते. सहसा देणेकऱ्यांना तिच्यावर हक्क सांगता येत नाही. हे पॉलिसी घेतानाच ठरवावे लागते, नंतर नाही.

मृत्यूचा विचार निदान होतो तरी. हात थांबण्याचा होत नाही. डॉक्टरची खरी मिळकत त्याच्या बोटांत, डोळ्यांत आणि पाठीच्या कण्यात असते. वैयक्तिक अपघात विम्याच्या नेहमीच्या तक्त्यात तर्जनी गमावल्यास विमा रकमेच्या साधारण १० टक्के मिळतात. कारकुनासाठी हा हिशेब कदाचित चालेल; शल्यचिकित्सकाची तर्जनी गेली तर व्यवसायच गेला. शिवाय ही पॉलिसी फक्त अपघाताची असते. पक्षाघात, कंपवात, मणक्याचा आजार यांमुळे काम बंद पडले, तर ती काहीच देत नाही. म्हणून पॉलिसी घेताना तीन प्रश्न विचारावेत. आजारातून आलेले अपंगत्व यात धरले आहे का? ‘अपंगत्व’ म्हणजे कोणतेही काम न करता येणे, की स्वतःचा व्यवसाय न करता येणे? तात्पुरते काम बंद असताना दर आठवड्याला काही मिळते का? उत्तर तोंडी घेऊ नये, कागदावर दाखवायला सांगावे. आणि निदान सहा महिन्यांचा खर्च बँकेत वेगळा ठेवावा, कारण विम्याचा पैसा घराच्या गरजेच्या वेगाने येत नाही.

आरोग्य विम्यात डॉक्टरांची एक खास सवय आड येते. ते स्वतःचे निदान स्वतः करतात. साखर वाढली तर शेजारच्या लॅबमध्ये तपासून घेतात, गोळी कपाटातली घेतात, फाइल तयारच होत नाही. पॉलिसीच्या अर्जात मग ‘आजार नाही’ असे लिहिले जाते. पुढे हृदयविकाराचा झटका आला की अतिदक्षता विभागात नातेवाईक सांगतात, आठ वर्षांपासून मधुमेह आहे. ते वाक्य केसपेपरवर चढते आणि दावा अडतो. सध्याच्या नियमांनुसार आधीचे आजार जाहीर केले, तर त्यांच्यासाठीची प्रतीक्षा तीन वर्षांहून जास्त असू शकत नाही. लपवले तर पाच वर्षे सलग पॉलिसी चालेपर्यंत टांगती तलवार राहते. थोडा जास्त हप्ता भरून खरे लिहिणे स्वस्त पडते.

तिसरी जोखीम न्यायालयाची. १३ नोव्हेंबर १९९५ च्या निकालाने सशुल्क वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याखाली आली. कोलकात्याच्या एका प्रकरणात २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिलेली भरपाई सुमारे सहा कोटी रुपयांची होती. छोट्या दवाखान्यावर एवढा दावा येणार नाही; पण वकील, तज्ज्ञांचे मत आणि वर्षानुवर्षांच्या तारखा यांचा खर्च निर्दोष डॉक्टरलाही चुकत नाही. यासाठीची प्रोफेशनल इन्डेम्निटी पॉलिसी नीट वाचायला हवी. उपचार केला त्या दिवशी पॉलिसी होती, एवढे पुरत नाही. दावा येतो त्या दिवशीही ती चालू असावी लागते. मध्ये एक वर्ष खंड पडला, की मागच्या सगळ्या वर्षांचे संरक्षण धोक्यात येते. निवृत्त होणाऱ्यानेही पुढची काही वर्षे ती ठेवावी. आपल्या पदवीबाहेरचे उपचार आणि फौजदारी गुन्ह्याचा दंड तिच्यात बसत नाहीत. नोंदी अपुऱ्या असतील, तर बचाव करणाऱ्या वकिलाच्याही हाती काही उरत नाही.

उल्हास नदीकाठी आणखी एक गोष्ट विसरता येत नाही. २००५ आणि २०१९ च्या जुलैतले पाणी बदलापूरकरांना आठवते. तळमजल्यावरचा दवाखाना, सोनोग्राफी यंत्र, औषधांचा साठा यांच्या विम्यात पूर धरला आहे की नाही, हे पावसाळ्याआधी पाहायला हवे.

सरकारी नोकरीतही सर्वांना सारखे छत्र नाही. नोव्हेंबर २००५ नंतर राज्याच्या सेवेत आलेल्यांसाठी जुनी निवृत्तिवेतन योजना थांबली. कंत्राटी डॉक्टरला तर तेवढीही हमी नाही. तो त्याच अपघात विभागात, त्याच क्षयरुग्णांसमोर उभा असतो. जोखीम सारखी, संरक्षण वेगळे. कंत्राट देतानाच अपघात, आजार आणि मृत्यूचा सामूहिक विमा त्यात लिहिणे राज्य सरकार, महापालिका आणि नगरपरिषदांना अशक्य नाही. साथीच्या वेळी ज्यांना दवाखाना उघडा ठेवण्याचा आदेश दिला जातो, त्यांचे नाव, पत्ता आणि हजेरीही त्याच दिवशी नोंदली जावी. नवी मुंबईतल्या त्या कुटुंबाची वर्षे अशा एका ओळीअभावी गेली.

हा केवळ डॉक्टरांच्या घरचा प्रश्न नाही. कर्जाच्या धास्तीने तापातही ओपीडी चालवणारा डॉक्टर रुग्णाच्या हिताचा नसतो. दाव्याच्या भीतीने गरज नसलेल्या तपासण्या लिहिल्या जातात आणि त्यांचे बिल रुग्ण भरतो. गल्लीतला एकुलता एक दवाखाना बंद झाला, तर रात्री दोन वाजता ताप चढलेल्या मुलाला घेऊन रिक्षा शोधावी लागते ती शेजाऱ्यांनाच.

आणि हे सारे करूनही एक काम उरते. पॉलिसी कुठे आहेत, वारस म्हणून कोणाचे नाव आहे, कर्ज किती आहे, फोन कोणाला करायचा, हे एका फाइलमध्ये ठेवून घरच्यांना दाखवणे. बहुतेक घरांत ती माहिती फक्त एकाच माणसाला असते, आणि नेमक्या गरजेच्या वेळी तोच सांगायला नसतो.